पद्मिनीच्या वायरिंगचे काम : शिवाजी उद्यमनगरातील एका ऑटो इलेक्ट्रिक वर्कशॉपचे परीक्षण

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथ, फाउंड्री आणि इंजिन रिबोअरिंगच्या कारखान्यांच्या रांगेत एक लहानसे ऑटो इलेक्ट्रिक वर्कशॉप आहे. फलकावर डायनमो, सेल्फ, हॉर्न आणि वायरिंग एवढेच लिहिलेले आहे. आमच्या १९७५ सालच्या प्रीमियर पद्मिनीचे पत्र्याचे काम, रंग आणि इंजिन पूर्ण झाल्यावर विजेचे सगळे काम आम्ही तेथे करून घेतले, आणि जुनी गाडी पुन्हा उभी करणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून त्याचे परीक्षण येथे सविस्तर लिहीत आहे. वर्कशॉपमध्ये एक वयस्क मिस्त्री आणि त्यांचा पुतण्या असे दोघेच काम करतात. हातात असलेल्यापेक्षा अधिक काम त्यांना झेपणार नाही, म्हणून त्यांच्या विनंतीवरून वर्कशॉपचे नाव देत नाही. तरीही हे परीक्षण उपयोगी पडेल असे वाटते, कारण येथे सांगण्यासारखी आहे ती त्यांची काम करण्याची रीत. ती नीट समजली, तर आपापल्या गावात तशा रीतीने काम करणारा कारागीर ओळखता येतो.

पद्मिनीसारख्या गाडीला असा कारागीर मिळणे दिवसेंदिवस कठीण का होत चालले आहे, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात १९६४ पासून तयार होऊ लागलेली फियाट ११०० डिलाइट पुढे प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने विकली गेली, आणि १०८९ सीसीच्या त्याच इंजिनासह विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बनत राहिली. मुंबईत हजारो पद्मिनी टॅक्सी धावत होत्या, त्यामुळे सुटे भाग आणि ती गाडी डोळे मिटून उघडू शकणारे हात हे दोन्ही टिकून राहिले. २००३ मध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदवलेल्या शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ अखेर संपली आणि ती साखळीही विरळ झाली. इंजिनाचे मेकॅनिक अजून सापडतात, कारण इंजिन डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते. वायरिंग मात्र कापडी पट्टीच्या आत दडलेले असते, आणि पन्नास वर्षांत त्यात कोणी कोठे जोड दिला आहे याची नोंद कोणाकडेच नसते.

गाडी वर्कशॉपमध्ये नेली तेव्हा तिच्या तक्रारी अनेक होत्या आणि वरवर पाहता एकमेकींशी संबंध नसलेल्या होत्या. हेडलाइट मंद होते. ब्रेक दाबला की मागचे इंडिकेटर अंधूकपणे उजळत. गाडी चार-पाच दिवस उभी राहिली की बॅटरी उतरत असे. पेट्रोलचा काटा दिवे लावले की खाली जात असे. सर्वांत त्रासदायक म्हणजे भर उन्हात पन्हाळ्याचा चढ चढताना इंजिन अचानक बंद पडे आणि अर्ध्या तासाने काहीही न करता पुन्हा सुरू होई. त्याआधी अन्य ठिकाणी मिळालेला सल्ला एकच होता : सगळे जुने वायरिंग काढून टाका आणि बाजारातील तयार हार्नेस, म्हणजे एकत्र बांधलेला वायरींचा संपूर्ण जुडगा, बसवा. हा सल्ला देणाऱ्यांपैकी कोणीही गाडीला मीटर लावलेला नव्हता.

या वर्कशॉपचे वेगळेपण तेथेच सुरू होते. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी एकही वायर सोडवली नाही. त्यांनी आधी बॅटरी तपासली : रात्रभर विश्रांती घेतलेल्या बॅटरीचे व्होल्टेज १२.६ च्या आसपास असावे आणि सेल्फ मारताना ते ९.६ च्या खाली जाऊ नये, ही दोन मापे जुळल्याशिवाय पुढचे कोणतेही माप विश्वासार्ह ठरत नाही. बॅटरी चांगली निघाल्यावर त्यांनी मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरे इंजिनाच्या ब्लॉकवर ठेवले आणि पुतण्याला सेल्फ मारायला सांगितले. धन बाजूकडे न जाता प्रथम परतीचा मार्ग तपासणे ही साधी वाटणारी गोष्ट मी यापूर्वी कोठेही पाहिली नव्हती. चांगल्या अर्थिंगमध्ये, म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीकडे परतणाऱ्या जोडणीत, तेथे शून्याच्या जवळपास, फार तर दोन-तीन दशांश व्होल्ट दिसायला हवेत. आमच्या गाडीत ०.९ व्होल्ट दिसले. याचा अर्थ असा की जवळजवळ एक व्होल्ट केवळ परतीच्या वाटेवरच वाया जात होता.

कारण अगदी सरळ होते, आणि नव्याने उभ्या केलेल्या प्रत्येक गाडीच्या मालकाने ते लक्षात ठेवावे असे आहे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची वेणी हाच विजेचा परतीचा रस्ता असतो. रंगकाम करणाऱ्यांनी बॉडीला उत्तम प्रायमर आणि रंग दिला होता, आणि ती वेणी त्याच रंगावर घट्ट आवळली होती. रंग हा विजेचा अडथळा असतो, त्यामुळे बोल्टाच्या आट्यांमधून जेवढा प्रवाह जाऊ शकत होता तेवढाच जात होता आणि उरलेला दुसरी वाट शोधत होता. चोकची केबल सेल्फ मारताना गरम होते, हे आम्ही आधी पाहिले होते. त्याचा उलगडा तेथे झाला. सेल्फचा परतीचा प्रवाह त्या पोलादी केबलमधून जात होता. हे तसेच चालू राहिले असते, तर केबलचे वेष्टण वितळून आग लागण्याची शक्यता होती. मिस्त्रींनी वेणीखालचा रंग रुपयाएवढ्या गोलात खरवडून चकचकीत पत्रा उघडा केला, दातेरी वॉशर घातला, नवीन वेणी आवळली आणि वरून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा माप घेतले तेव्हा मीटर ०.१ दाखवत होता.

मागच्या दिव्यांचा घोटाळाही याच जातीचा होता. ब्रेकच्या बल्बमधून गेलेला प्रवाह दिव्याच्या पायातून बॉडीत परतला पाहिजे. तेथे नव्या रंगाचा थर आणि जुना गंज असल्यामुळे तो शेजारच्या इंडिकेटरच्या बल्बमधून उलटा जाऊन आपला मार्ग काढत होता, म्हणून ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर उजळत होता. पेट्रोलच्या काट्याचीही गत तीच : टाकीतील सेंडरचे, म्हणजे पेट्रोलची पातळी काट्याला कळवणाऱ्या भागाचे, अर्थिंग कच्चे होते. चोकची केबल, इंडिकेटर आणि पेट्रोलचा काटा या तिन्ही तक्रारी वेणी आणि वॉशर वगळता एकही नवा भाग न घेता मिटल्या. तयार हार्नेस बसवला असता, तर यांतली एकही मिटली नसती, कारण दोष वायरमध्ये नव्हताच. या एका निष्कर्षासाठीसुद्धा या वर्कशॉपचे पैसे वसूल झाले असे मी म्हणेन.

येथे मिस्त्रींच्या दोन साधनांविषयी लिहिणे आवश्यक आहे. त्यांच्याकडे साधा डिजिटल मल्टीमीटर आहे आणि त्यासोबत हेडलाइटचा जुना बल्ब दोन लांब वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प आहे. दोन्ही का लागतात, हे त्यांनी आमच्या समोर दाखवले. पुष्कळशा तारा तुटून उरलेली एखादी तारही गंजून जेमतेम टेकत असलेली वायर मीटरने तपासली, तर मीटर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. त्याच वायरीवर बल्ब लावला की तो पेटत नाही किंवा जेमतेम तांबडा होतो, आणि दोष उघड होतो. याउलट बल्ब लावून ठेवून त्याच वेळी मीटरने टप्प्याटप्प्याने माप घेतले, तर नेमका कोणत्या जोडावर किती व्होल्ट गळतो ते कळते. एलईडीचे छोटे टेस्टर आज सर्वत्र मिळतात, पण तेही अतिशय कमी प्रवाहावर पेटतात, त्यामुळे सडलेल्या वायरीलाही ते निर्दोष ठरवतात. जुन्या गाडीच्या कामासाठी कारागीर निवडताना त्याच्याकडे असा भार टाकणारा दिवा आहे का, हे मी आता प्रथम पाहीन.

हेडलाइटचे काम या रीतीने केले तेव्हा हिशेब स्पष्ट मांडता आला. बॅटरीच्या टोकांवर १२.४ व्होल्ट आणि बल्बच्या टोकांवर १०.३ व्होल्ट, म्हणजे २.१ व्होल्टांची गळती. त्यांतील ०.९ स्टीअरिंगखालच्या स्विचमध्ये, ०.७ दिव्याच्या अर्थिंगमध्ये आणि ०.५ वायरीत जात होते. हे आकडे लहान वाटतील, परंतु तारेच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने कमी होतो. व्होल्टेज एक दशांशाने घटले तर प्रकाश सुमारे तीन दशांशाने घटतो, आणि आमच्या गाडीत तो जवळपास निम्म्यावर आला होता. स्विच असा भाजून का निघाला होता, याचे उत्तर जुन्या बल्बांवर छापलेले होते. आधीच्या कोणत्या तरी मालकाने अधिक उजेडासाठी ९०/१०० वॉटचे बल्ब बसवले होते. असे दोन बल्ब लांबच्या झोतावर सोळा-सतरा अँपियर ओढतात, आणि आमच्या गाडीत तो सगळा प्रवाह स्टीअरिंगखालच्या नाजूक स्विचमधून जात होता, कारण मूळ रचनेत रिले नव्हता.

मिस्त्रींनी ६०/५५ वॉटचे बल्ब सुचवले आणि दोन रिले बसवले. रिलेचे तत्त्व सोपे आहे : स्विच फक्त रिलेच्या गुंडाळीला अल्प प्रवाह देतो, आणि दिव्यांचा जड प्रवाह बॅटरीकडून जाड वायरीने फ्यूजमार्गे थेट दिव्यांकडे जातो. रिले ग्रिलच्या मागे पत्र्याच्या कडेखाली बसवल्यामुळे बॉनेट उघडल्यावरही ते सहज दिसत नाहीत. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून नोंदणी करण्याचे नियम जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झाले आहेत आणि त्यांत चासी, बॉडी व इंजिन मूळ स्वरूपात असण्यावर भर आहे. त्यामुळे अशा गाडीवर दिसेल असा बदल न करण्याची त्यांची दक्षता मला मोलाची वाटली. रिले बसल्यानंतर बल्बपर्यंतची गळती ०.३ व्होल्टांवर आली. रात्री आजऱ्याच्या रस्त्याने येताना समोरचा खड्डा वेळेत दिसतो, एवढे सांगितले की पुरे.

इंजिन बंद पडण्याचा दोष शोधण्याची त्यांची पद्धत मात्र या सगळ्या कामाचा कळस होती. हा दोष उष्णतेत येत असल्यामुळे प्रत्येकाने त्याचे निदान पेट्रोलच्या वाफेवर, म्हणजे तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटण्यावर, केले होते. कार्ब्युरेटर साफ झाला, पेट्रोल पंपाचा पडदा बदलला, आणि जुन्या चालकांच्या प्रथेप्रमाणे पंपावर ओले फडके ठेवूनही पाहिले. कधी फरक पडल्यासारखा वाटे, कारण फडके ओले करायला जो वेळ जाई तेवढ्यात गाडी आपोआप निवत असे. मिस्त्रींनी वर्कशॉपमध्ये उभ्या असलेल्या गाडीवर या दोषाचा शोध घेण्यास नकार दिला. जो दोष धावत्या, तापलेल्या गाडीत येतो तो धावत्या, तापलेल्या गाडीतच पकडला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांनी दोन छोटे बल्ब घेतले. एकाची वायर इग्निशन स्विचला बॅटरीकडून येणाऱ्या टोकाला जोडली आणि दुसऱ्याची वायर इग्निशन कॉइलच्या (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज देणाऱ्या गुंडाळीच्या) धन टोकाला. दोन्ही बल्ब डॅशबोर्डवर चिकटपट्टीने शेजारी शेजारी बसवले, आणि ते स्वतः शेजारच्या आसनावर बसून पन्हाळ्याच्या चढाला आले. युक्तिवाद असा होता : इंजिन बंद पडताना दोन्ही बल्ब पेटलेले राहिले, तर कॉइलला वीज पोहोचते आहे, म्हणून दोष कॉइल, पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क), कंडेन्सर किंवा पेट्रोल यांत शोधावा. दोन्ही विझले, तर दोष बॅटरी आणि स्विच यांच्यामधल्या वायरीत. पहिला पेटलेला राहून दुसरा विझला, तर दोष स्विचमध्ये किंवा स्विच ते कॉइल या वायरीत. चढाच्या वरच्या वळणावर इंजिनाने दम तोडला आणि दुसरा बल्ब विझला. पहिला तसाच जळत होता. कित्येक महिने ज्या दोषाभोवती अंदाज फिरत होते तो त्या क्षणी हातभर अंतरात बंदिस्त झाला. मिस्त्रींनी लगेच किल्लीचा स्विच हाताने किंचित दाबला, दुसरा बल्ब पुन्हा लागला, आणि गाडी सुरू झाली.

परत आल्यावर स्विच काढून गरम हवेच्या पिस्तुलाने तापवला, तेव्हा थंड असताना नगण्य असलेला त्याचा रोध तापताच वाढत गेला आणि शेवटी मार्ग पूर्ण तुटला. आतील पितळी पट्टीची रिव्हेट सैल झाली होती. पट्टी तापून प्रसरण पावली की रिव्हेटशी असलेला तिचा संपर्क सुटत असे, आणि थंड झाल्यावर ती पुन्हा टेकत असे. कॉइलच्या प्राथमिक गुंडाळीचा रोध सुमारे तीन ओहम असल्यामुळे पॉइंट मिटलेले असताना तिच्यातून सुमारे चार अँपियर प्रवाह जातो, आणि सैल जोडावर तो प्रवाहच अधिक उष्णता निर्माण करतो. म्हणजे दोष स्वतःच स्वतःला वाढवत होता. स्विचचा संपर्काचा भाग बदलला आणि जुने कुलूप व किल्ली कायम ठेवली. नवा पूर्ण स्विच सहज बसवता आला असता आणि त्यात त्यांचा वेळही वाचला असता, पण गाडीच्या दाराची आणि इग्निशनची मूळ किल्ली आम्हाला हवी आहे हे त्यांनी न सांगता ओळखले.

बॅटरी उतरण्याचे कारण त्यामानाने लवकर सापडले. बॅटरीचा निगेटिव्ह क्लॅम्प सोडवून मधे अँपियर मोजणारा मीटर लावला, तेव्हा सगळे बंद असतानाही ०.४ अँपियर वाहत होते. हे चोवीस तासांत साडेनऊ अँपियर-तासांहून अधिक होते, म्हणजे पस्तीस अँपियर-तासांची बॅटरी चार दिवसांत रिकामी. एकेक फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, यावरून गळती फ्यूज नसलेल्या वायरीत आहे हे ठरले. डॅशबोर्डच्या मागे जुन्या कॅसेट प्लेअरची, थेट बॅटरीकडून घेतलेली वायर सापडली. प्लेअर कधीच निघाला होता, वायर मात्र पुढच्या पत्र्यातील भोकातून रबरी ग्रोमेटशिवाय (पत्र्याच्या कडेपासून वायर वाचवणाऱ्या कड्याशिवाय) गेलेली होती आणि घासून उघडी पडलेल्या जागी ओल धरून बॉडीला प्रवाह देत होती. ज्या पत्र्यातून वायर जाते त्या प्रत्येक भोकात त्यांनी नवीन ग्रोमेट घातला. फ्यूजच्या पेटीत दोन ठिकाणी चंदेरी कागद गुंडाळलेले फ्यूज होते, तेही गेले. चिनी मातीचे मूळ पद्धतीचे फ्यूज, पांढरे ८ अँपियरचे आणि तांबडे १६ अँपियरचे, अजून मिळतात. तेच वापरले, आणि बॅटरीजवळ एक मुख्य फ्यूज व हाताने फिरवून वीज तोडणारा स्विच अधिक दिला. माझ्या मते हा स्विच प्रत्येक जुन्या गाडीत असावा.

डायनमोच्या बाबतीत त्यांचे मत ठाम आहे आणि ते मला बहुतांशी पटले. गाडीत बॅटरी चार्ज करणारा मूळ डायनमो आणि त्याची बॅटरीशी जोडणी करणारा-तोडणारा कट-आउट आहे. अनेक जण त्याजागी सरसकट आल्टरनेटर, म्हणजे नव्या गाड्यांतले अधिक क्षमतेचे जनित्र, बसवतात. मिस्त्रींनी डायनमोच्या डी आणि एफ या टोकांवरील वायरी काढून ती दोन्ही टोके एकत्र जोडली, मीटर लावला आणि इंजिनाची गती हळूहळू वाढवली. मीटरवरचा आकडा न अडखळता वाढत गेला, म्हणजे डायनमो निरोगी आहे. त्यांनी ब्रश बदलले, कट-आउटचे पॉइंट साफ केले आणि काम संपवले. निवांत गतीवर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा तांबडा दिवा मंद पेटतो, तो डायनमोचा स्वभावच आहे, दोष नव्हे. परंतु डायनमोची क्षमता वीस अँपियरच्या आसपास असते; जवळच्या झोताचे हेडलाइट नऊ, पार्किंगचे व मागचे दिवे दोन, इग्निशन चार आणि वायपर तीन अशी बेरीज केली, तर पावसाळी रात्री ती जवळपास सगळी संपते. रविवारी सकाळी फिरणाऱ्या गाडीला हे पुरते. रोज रात्री शहरातून गाडी चालवणाऱ्याने मात्र आल्टरनेटरचा विचार करावा असे मला वाटते, आणि या मुद्द्यावर मिस्त्री ग्राहकाचे ऐकून घ्यायला फारसे तयार नसतात.

आता हार्नेसविषयी. सगळे वायरिंग बदलावे लागेल असे आधी सांगितले गेले होते, प्रत्यक्षात इंजिनाजवळचा पुढचा भाग तेवढा बदलावा लागला. मिस्त्रींनी कापडी पट्टी ठिकठिकाणी उलगडून वायर काटकोनात वाकवून पाहिली. इंजिनाच्या उष्णतेत भाजलेल्या भागात वेष्टणाला भेगा पडत होत्या आणि तांब्यावर हिरवा थर चढला होता. केबिनमधून डिकीकडे जाणारा भाग मऊ आणि आतून लखलखीत होता, तो तसाच ठेवला. पुढचा भाग त्यांनी प्लायवुडच्या फळीवर खिळे ठोकून बांधला : जुना हार्नेस फळीवर पसरायचा, प्रत्येक वळणाला आणि फाट्याला खिळा मारायचा, आणि त्याच खिळ्यांभोवती नव्या वायरी ओढायच्या, म्हणजे लांबी आणि फाटे मूळ जागीच येतात. हेडलाइटच्या मुख्य वायरीसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरली. वायरीच्या टोकांचे लग दाबण्यासाठी पकड न वापरता योग्य क्रिंपिंग टूल वापरले, आणि डाग देण्याचा (सोल्डरिंगचा) मोह टाळला. डाग दिलेली वायर तेवढ्या भागात ताठ होते आणि गाडीच्या कंपनांनी नेमकी त्या ताठ भागाच्या कडेला तुटते, हे त्यांचे कारण योग्य आहे. बाहेरून पुन्हा कापडी पट्टी गुंडाळली, त्यामुळे बॉनेट उघडल्यावर काम मूळ कारखान्यातल्यासारखे दिसते.

तुलनेसाठी बाजारातला एक तयार हार्नेसही आम्ही तेथे पाहिला. किंमत कमी होती, पण वायरी मूळ वायरींपेक्षा बारीक होत्या, रंग मूळ गाडीशी जुळत नव्हते आणि मागच्या दिव्यांचे फाटे आखूड होते. ज्याची गाडी जळून गेली आहे किंवा जिचे वायरिंग कापून फेकलेले आहे त्याला असा हार्नेस उपयोगी पडेल. ज्याच्याकडे मूळ वायरिंग अजून शाबूत आहे त्याने ते मोजून पाहिल्याशिवाय काढू नये.

वर्कशॉपच्या उणिवाही स्पष्ट लिहिल्या पाहिजेत. कामाचा लेखी अंदाज ते देत नाहीत. तोंडी आकडा सांगतात आणि काम उलगडत जाईल तसा तो वाढतो. वाढ अवाजवी नव्हती, तरी प्रत्येक वाढीपूर्वी ग्राहकाला फोन करणे त्यांच्याकडून अपेक्षित आहे. बिल हाताने लिहिलेले आणि ठोक रकमेचे मिळते, त्यात सामान आणि मजुरी वेगळी दाखवलेली नसते. विम्यासाठी किंवा पुढे गाडी विकताना अशा बिलाचा उपयोग होत नाही. सांगितलेल्या मुदतीत काम झाले नाही, आणि सणाच्या दिवसांत ते अनेक दिवस अडून राहिले. दोन ठिकाणी मूळ रंगाची वायर उपलब्ध नव्हती म्हणून दुसऱ्या रंगाची वापरली, ती कोठे वापरली हे त्यांनी आपणहून सांगितले नाही, विचारल्यावर सांगितले. डिकीतल्या एका जोडावर कापडी पट्टीऐवजी काळी प्लास्टिकची चिकटपट्टी लावली होती, जी उन्हाळ्यात चिकट होऊन सुटली असती. तेवढे काम पुन्हा करून घेतले. वायरिंगचा नकाशा त्यांनी पेन्सिलने काढून दिला ही दुर्मीळ आणि कौतुकाची गोष्ट आहे, पण नव्या रिले आणि मुख्य फ्यूजच्या वायरींचे रंग त्यात नोंदलेले नाहीत, ते आग्रहाने नोंदवून घ्यावेत. इंडिकेटरला एलईडी बल्ब हवे असतील तर येथे जाऊ नये. इंडिकेटरची उघडझाप करणारा मूळ फ्लॅशर तापणाऱ्या पट्टीवर चालतो आणि एलईडीच्या अल्प प्रवाहाने ती पट्टी तापतच नाही, त्यामुळे फ्लॅशरही बदलावा लागतो, आणि मिस्त्रींना तो बदल मान्य नाही.

एकूण खर्च सामानासह अठरा हजार रुपयांच्या आसपास आला. त्यात बल्ब, रिले, फ्यूज, वायर, लग, अर्थिंगच्या वेण्या, स्विचचा भाग, डायनमोचे ब्रश आणि सगळी मजुरी आली. केवळ तयार हार्नेस आणून बसवण्याचा खर्च याहून थोडा कमी झाला असता, पण वर सांगितल्याप्रमाणे मूळ तक्रारींपैकी बहुतेक तशाच राहिल्या असत्या.

तेथे गाडी नेणाऱ्याने काही तयारी करून जावे. बॅटरी आदल्या रात्री पूर्ण चार्ज करून न्यावी, नाहीतर पहिला दिवस तिच्या चार्जिंगमध्येच जातो. प्रत्येक तक्रार केव्हा, किती वेळ गाडी चालल्यावर आणि कोणते दिवे चालू असताना येते, हे कागदावर लिहून न्यावे. मिस्त्री तो कागद खरोखर वाचतात आणि तपासाचा क्रम त्यावरून ठरवतात. गाडीतून काढलेले जुने स्विच, बल्बहोल्डर, फ्यूजपेटीचे झाकण असे काहीही फेकलेले नसेल तर तेही पिशवीत घालून न्यावे, कारण त्यांपैकी बरेच भाग ते दुरुस्त करतात. गाडीला नुकताच रंग झाला असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगावे, म्हणजे ते सर्वप्रथम अर्थिंगचे बिंदू उघडून पाहतात. वर्कशॉप सोमवारी बंद असते, आणि सकाळी लवकर गेल्यास मिस्त्री स्वतः गाडी पाहतात. दुपारनंतर बहुधा डायनमोचे काम चालू असते आणि नवी गाडी घेतली जात नाही.